रिकामी हाय ना गो?

पाली, ७ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनोद,

दाण्यावर आलेलं भात ज्यांच्या खाचरात डुकरं एका फेरीत लोळवून जातात, ज्यांचे फणस माकडं एकेक दात लावून खाली टाकतात, आणि पंचनाम्याला आलेला माणूस ज्यांना 'पुढच्या वेळी फोटो काढून ठेवा' एवढं सांगून परत जातो, त्या सगळ्यांना उद्देशून मी आयुष्यभर बोलत आले. आज त्यांतल्या दोघांनाच उद्देशून लिहिते आहे. तुला आणि मला. आपल्या आबांचं, काशीराम धनावड्यांचं शेत आता आपल्या दोघांच्या नावावर आहे आणि ते खाल्लं जातंय, ही तक्रार तरी आपली अजून एक आहे.

आबांच्या बाराव्याला आलास, पंगतीत शेवटच्या पानावर बसलास आणि चारच्या गाडीने मुंबईला गेलास. मी वाढत होते. तुझ्या पानावर भात वाढला तेव्हा तू हात आडवा धरलास, 'बस' म्हणालास. अकरा वर्षांत तू माझ्याशी बोललेला तो एक शब्द. मी तोही जपून ठेवला आहे, हसू नकोस.

कामाचं लिहिते. आबांची ठासणीची बंदूक ते गेल्यावर मी ठाण्यात जमा केली. शेती संरक्षणाचा परवाना त्यांच्या नावावर होता. तो वारसाच्या नावावर करायचा असेल तर अर्ज, दुसऱ्या वारसाची ना-हरकत आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. नाहीतर बंदूक सरकारजमा. ना-हरकतीचा कागद सोबत पाठवते आहे.

तू म्हणशील, आक्का आणि बंदूक? जिने वीस वर्षं प्रत्येक ग्रामसभेत बंदुका खाली ठेवा म्हणून घसा कोरडा केला, ती? होय, तीच. जे म्हणाले ते खोटं होतं असं मला अजून वाटत नाही. हाकारे घालून रानात माणसं पांगतात, झुडूप हललं की चाप ओढतात आणि कुणाचा तरी नवरा परत येत नाही, हे या तालुक्याने पाहिलेलं आहे. पण यंदा खालच्या खाचरात नुसता पेंढा हाती आला. थाळ्या वाजवल्या, जुन्या साड्या बांधल्या, फटाके लावले. डुकरांना आता फटाक्यांची सवय झाली आहे. मला कुणाचा जीव घ्यायचा नाही. मला एक मोठा आवाज हवा आहे, आणि तो करायचा तर नीट शिकून करायचा आहे.

शिकवणी कुठे लावावी याची चौकशी करते आहे. तुला कळवीन.

आबा शेवटी फार हळवे झाले होते. झोपायच्या आधी गॅस तीनदा बघायचे. कडी लावली तरी उठून पुन्हा हात लावून यायचे. मी रागवायचे. वयाचं असतं ते.

त्या दिवसाबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही.

तुझी,
आक्का (हौसा)

पाली, १९ नोव्हेंबर २०२५

प्रिय विनोद,

रुपालीचा फोन आला होता. तुझी बायको फार कमी बोलते आणि बरोबर तेच बोलते. म्हणाली, "आक्का, पत्र वाचलं त्यांनी. डब्याच्या पिशवीत ठेवलंय." मी विचारलं, काही म्हणाला का? म्हणाली, नाही, पण डबा रोज त्याच पिशवीतून जातो. मला तेवढं पुरलं.

शिकवणीचं सांगते. तीन ठिकाणं पाहिली आणि तिन्हीकडे एकच प्रश्न विचारला. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे कसं ओळखायचं?

पहिलं ठिकाण रत्नागिरीत. नेमबाजीची शाळाच म्हण. स्वच्छ लांब खोली, पलीकडे कागदाची पांढरी निशाणं, आणि शिकवायला दीपाली नावाची तिशीची मुलगी. आवाज न चढवता वीस मुलांना रांगेत उभी करते, मला हेवा वाटला. माझा प्रश्न ऐकून तिने मोकळेपणाने सांगितलं, "मावशी, तुमची बंदूक मी फोटोतच पाहिलीय. प्रमाणपत्र इथूनही मिळेल, पण शिकाल ते दुसऱ्याच बंदुकीचं." ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणारा शिक्षक मिळाला की नमस्कार करावा. मी केला.

दुसरं ठिकाण ठिकाण नव्हतंच. कुणीतरी फोन नंबर दिला होता. पलीकडचा गृहस्थ म्हणाला, ताई, यायचीसुद्धा गरज नाही, फोटो आणि आधार पाठवा, प्रमाणपत्र घरपोच. मी त्याला पाली स्टँडवर उभी राहून दहा मिनिटं सुनावलं. न शिकलेल्या हातात बंदूक देणारा कागद म्हणजे काय, तो कागद कुणाच्या घरात जाऊन काय करतो, सगळं. स्टँडवरची माणसं जमली. माझं संपल्यावर त्याने शांतपणे विचारलं, "ताई, तुम्ही वकील काय?"

तिसरे देवरूखचे गंगाराम शिवगण. बावीस वर्षं पोलिसांच्या शस्त्रागारात काढली, आता निवृत्त. देवरूखबाहेर चिऱ्यांची जुनी खाण आहे, परवानगी काढून तिथे दोन दिवसांचा वर्ग घेतात. तीन बाजूंना जांभ्याची भिंत, गोळी जायला वाट नाही. शिकणारे सगळे आपल्यासारखे. कुणी भातवाला, कुणी काजूवाला. पहिला दिवसभर दारूचा कण हातात देत नाहीत. नुसतं उचलणं, धरणं, दुसऱ्याच्या हातात देणं, खाली ठेवणं.

त्यांच्यापुढेही मी प्रश्न ठेवला. त्यांनी एक जुनी निकामी ठासणी पुढे ओढली, नळीत ठासायचा लोखंडी गज घातला आणि नळीच्या तोंडाशी गजावर नख टेकवलं. रिकाम्या नळीत गज इथवर आत जातो. भरलेल्या नळीत चार बोटं बाहेर राहतो. एवढंच. मग म्हणाले, "बाई, भरलेली का रिकामी, हे कुणाला विचारायचं नाही. बापाला नाही, भावाला नाही. गज घालायचा."

मी म्हटलं, बरोबर.

त्यांनी गज बाहेर काढून ठेवला. म्हणाले, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. सगळे आधी नेम शिकवा म्हणतात. तुम्ही का विचारताय?

आणि मी म्हणाले, माझ्या भावाच्या हातून एकदा चुकून सुटली होती.

त्यांनी मान हलवली. बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी चहा न घेता निघाले. देवरूखहून पालीपर्यंत एसटीत जागा होती, तरी मी दांडा धरून उभी होते. कंडक्टर दोनदा म्हणाला, बसा की मावशी.

वर्ग देवरूखचाच ठरवला आहे. बाकी पुढच्या पत्रात. मी ते लिहीन, विनोद. मला थोडे दिवस दे.

आक्का

पाली, ३० नोव्हेंबर २०२५

विनोद,

हे पत्र चारदा लिहून फाडलं. चारही वेळा ते भाषण झालं होतं. आता जसं झालं तसं लिहिते.

२०१४ चा सप्टेंबर. विधानसभेची निवडणूक लागली होती आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी बंदुका ठाण्यात नेऊन द्याव्यात असा निरोप आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आणि आबा घेऊन जाणार होतात. आदल्या दिवशी आबा चिपळूणला आत्याकडे गेले होते, तू कामावर. मी घरी एकटी, पडवीत बसून रविवारच्या व्याख्यानाची टिपणं काढत होते. देवरूखच्या वाचनालयात बोलायचं होतं. विषय तुला आठवत असेल. बंदुकीशिवाय शेती.

उन्हं उतरत होती. खालच्या खाचरातून चप चप आवाज आला. बांधावर जाऊन पाहिलं तर भर उजेडात डुकरीण आणि तिची पिल्लं. ओरडले. तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागली. विनोद, तो अपमान मला सहन झाला नाही. तहसीलदारासमोर, सभापतीसमोर मी बोलले की माणसं गप्प होतात, आणि ही गप्प होईना.

मी घरात आले आणि खुंटीवरची बंदूक काढली. लहानपणापासून आबांना शंभरदा भरताना पाहिलं होतं. दारू ओतली, काथ्याचा बोळा ठासला, छर्रे, वर पुन्हा बोळा. घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवली. शेतातल्या मांगराच्या भिंतीआड उभी राहून घोडा चढवला. पिल्लं तिच्या पोटाखालून धावत होती. माझ्या हातून चाप ओढला गेला नाही. नळी आभाळाकडे करून नुसता बार काढला असता तरी पुरलं असतं, पण तेवढंही सुचलं नाही. थोड्या वेळाने ती आपणहूनच गेली. मी घोडा अंगठ्याने हळूच खाली टेकवला, घरी आले आणि बंदूक खुंटीला लावली. टोपी तशीच. मला वाटलं, घोडा खाली आहे म्हणजे झालं.

आबांना सांगणार होते. ते शेवटच्या गाडीने आले, दमलेले. मी सांगितलं नाही. उद्या ही बंदूक घराबाहेरच जाणार, मग कशाला सांगायचं की बंदुकीविरुद्ध बोलणारी तुमची लेक आज काय करून बसली?

सकाळी तू ती खुंटीवरून काढलीस. ठाण्यात द्यायच्या आधी पुसायची म्हणून तेलाची चिंधी घेतलीस. आबा पायरीवर बसून चपलेचा पट्टा ओढत होते. आणि तू मला विचारलंस. हे तुला आठवतं की नाही, मला ठाऊक नाही. अकरा वर्षं मी देवाकडे हेच मागत आले की तुला आठवू नये.

"आक्का, रिकामी हाय ना गो?"

मी टिपणांवरून मान वर केली नाही. म्हटलं, "होय रे."

माझ्या मनात आदल्या संध्याकाळचं काहीच नव्हतं. मनात फक्त व्याख्यानाचा शेवट होता. विसरले होते, असं म्हणून मला सुटायचं नाही. ज्या बाईला भाषणातला स्वल्पविराम आठवतो तिला नळीत ठासलेली दारू आठवत नाही, याला विसरणं म्हणत नाहीत.

पुढचं तुला माहीत आहे. तुझ्या हातून घोडा निसटला आणि आबांच्या उजव्या पोटरीत छर्रे गेले.

रत्नागिरीच्या इस्पितळात, निम्मी वाडी उभी असताना, मी तुला काय म्हणाले तेही माहीत आहे. तुला बघून घेता आलं नाही? हातात बंदूक घेतोस आणि डोळे कुठे असतात? पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. माझा आवाज मोठा, लोकांना ऐकायची सवय. लोकांनी ऐकलं. तू मान खाली घालून जिना उतरलास. मी विचारलं होतं, असं तू एकदाही म्हणाला नाहीस. का म्हणाला नाहीस?

आबांनी पोलिसांना सांगितलं की पुसताना त्यांच्याच हातातून सुटली. तुला वाचवायला तसं बोलले, असं वाडी समजली, मीही समजले. पण जखम भरत आली तेव्हा एका दुपारी मला म्हणाले, "मीच भरून ठेवली असणार गो. माकडांसाठी कधीतरी. ध्येनात नाय माझ्या." मी तिथेच होते, त्यांच्या पायाला पट्टी बांधत होते. तोंड उघडलं असतं तर तिथे संपलं असतं. नाही उघडलं.

पहिल्या पत्रात लिहिलं ना, गॅस तीनदा बघायचे म्हणून. ते वयाचं नव्हतं. त्या दुपारपासून त्या माणसाने स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवणं सोडलं. कडी, गॅस, गोठ्याचं फाटक. आपण पुन्हा काहीतरी विसरू आणि पुन्हा कुणाला तरी लागेल, या भीतीने ते अकरा वर्षं घरभर हात लावत फिरले. आणि मी रागवत होते.

तुझं काही चुकलं नाही असं मी म्हणणार नाही. शिवगण म्हणतात तसं, तू गज घालायला हवा होतास. पण तू बहिणीवर विश्वास टाकलास, आणि ती पोकळ निघाली.

आक्का

पाली, २२ डिसेंबर २०२५

प्रिय विनोद,

रुपालीने पुन्हा फोन केला. तू दोन दिवस जेवला नाहीस म्हणाली. तिसऱ्या दिवशी एवढंच विचारलंस, "आबांना ठावं व्हतं काय?"

नाही. त्यांना ठाऊक नव्हतं. मी फार शोधलं, विनोद. एखादी नजर, एखादं बोलणं, ज्यावरून मला म्हणता यावं की त्यांनी ओळखलं होतं आणि मनातल्या मनात मला माफ केलं होतं. असं काही नाही. ते स्वतःला दोषी धरूनच गेले. हे माझ्याबरोबर राहील, आणि राहावं. तुझ्याकडे मी त्याची माफी मागत नाही, ती तुझ्या हातात नाही. तुझ्या वाट्याचं जेवढं आहे तेवढीच मागते.

तुझा दोष मी लोकांसमोर सांगितला होता. तो कागदावर परत घेऊन भागणार नव्हतं. परवा ग्रामसभा होती. विषय डुकरांचाच, सगळे आले होते. सरपंचांनी नेहमीसारखं म्हटलं, आता हौसाताई बोलतील. मी उभी राहिले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे टिपणं नव्हती. सांगितलं सगळं. बंदूक कुणी भरली, कुणी विचारलं, कुणी होय म्हटलं आणि इस्पितळात कुणी कुणाला शिव्या घातल्या. दोन-तीन मिनिटंच लागली असतील. मी इतकं थोडं कधीच बोललेली नाही.

मग आपली शेजारीण ठमाबाई, आता ऐंशीची झाली, बसल्या जागेवरून म्हणाली, "ह्या एका भाषनाला अकरा वर्सा लागली गो तुला?" कुणी हसलं नाही. मीही नाही. घरी येताना तीच माझा हात धरून पाखाडीच्या पायऱ्या उतरली. अर्ध्या वाटेवर म्हणाली, पोर लय गुणाचं, वाडीतून जाताना माझ्या दारात थांबल्याबिगर गेला न्हाय कधी. बाराव्याला आलास तेव्हाही थांबलास म्हणे. मला ठाऊक नव्हतं.

गंगाराम शिवगणांनाही जाऊन खरं सांगितलं. भावामुळे नव्हे, माझ्यामुळे सुटली. त्यांनी मला उपदेश केला नाही. म्हणाले, अर्जात हे लिहा, परवाना मिळो न मिळो. लिहिणार आहे. मिळेल की नाही, सांगता येत नाही. नाही मिळाला तर खालच्या खाचरात हळद लावीन, डुकरं हळदीला तोंड लावत नाहीत म्हणतात. पण वर्ग मी सोडणार नाही. वाडीत अजून सात बंदुका खुंट्यांना आहेत आणि सात घरांत आपल्यासारखी भावंडं एकमेकांना विचारतात आणि होय म्हणतात. त्यांना सांगायचं तर आधी मला नीट यायला हवं.

शिवगणांनी विचारलं, जोडी कोण? त्यांच्याकडे पहिल्या दिवशी जोडीने काम असतं. एकाने बंदूक पुढे करायची. दुसऱ्याने ती हातात घ्यायची, काही विचारायचं नाही, देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचंसुद्धा नाही. टोपी बघायची, गज घालायचा, नख टेकवायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं, रिकामी. मग तीच बंदूक परत द्यायची आणि पहिल्याने पुन्हा सगळं तसंच करायचं. आत्ताच दुसऱ्याने बघितली म्हणून चालत नाही. दिवसभर हेच. ते म्हणतात, नवरा-बायको असली की दुपारपर्यंत भांडतात, भाऊ-भाऊ असले की लाजतात.

मी तुझं नाव सांगितलं. विनोद काशीराम धनावडे. त्यांनी लिहून घेतलं.

तू बंदुकीला हात लावत नाहीस, दिवाळीत फटाक्याचा आवाज आला की खिडकी लावून घेतोस, हे मला रुपालीने सांगितलं आहे. तुझ्या हातांना जे वाटतं ते माझ्यामुळे वाटतं. म्हणून मला वाटतं की बंदूक तुझ्या हातात देणारी मीच असावी, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवू नयेस. अजिबात ठेवू नयेस. मी समोर उभी असताना तू गज घालून बघावंस, आणि मी गप्प राहावं. मला ते जमेल. परवा दोन-तीन मिनिटांत थांबणं जमलं.

शनिवार, १० जानेवारी. सकाळी नऊ वाजता, देवरूख एसटी स्टँड, गंगाराम शिवगण स्वतः न्यायला येतात. आदल्या दिवशी घरी यायला मन होत नसेल तर येऊ नकोस, थेट तिथे उतर. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, त्या कामात बोलायचं नसतंच. पण शनिवारी नऊला देवरूखला ये.

तुझी,
आक्का